मी बंद केलेलं इंजिन

आमच्या मोठेबाबांचं डिझेल इंजिन नागभीडजवळच्या शेतात सुरू झालं की पार अहेरीत चहाचे कप थरथरत. खोटं वाटत असेल तर अहेरीच्या कपांना विचारा. दोन जाडजूड लोखंडी चाकं, ना बॅटरी ना बटन. हँडल मारायचं, बस. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते म्हणायचे, "मानूस मरन, पन हे आपल्या मनानं बंद नाई पडनार."

त्या उन्हाळ्यात धानाला बोडीचं पाणी चाललं होतं. बोडी म्हणजे लहानसं तळं. तिच्या पाळीपलीकडे, म्हणजे मातीच्या बांधापलीकडे, लगेच जंगल. मोहर्लीला लोक जिप्सीत बसून वाघ पाहायला येतात, आमच्याकडे वाघच इंजिन ऐकायला येत असावेत.

भर दुपार. मी इंजिनाजवळ, मोठेबाबा खाली बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी वळवत होते. समोरच्या मोहाच्या झाडावर वानरं उड्या मारत होती, तोंडं उघडत होती, पण त्या धडधडीत आवाज कुठला ऐकू येतो! वाघ पाहून ओरडतात की आपसात भांडतात, कळेना. मग मी शहाणपणा केला. ऐकायला म्हणून इंजिन बंद केलं.

"खक्! खक्!"

वाघावरच ओरडत होती. इंजिनाच्या आवाजाला सरावून पाळीमागे झोपलेला तो, त्या शांततेनं जागा झाला. गवतातून दोन कान वर आले. सुपाएवढे. बरं, नसतील सुपाएवढे. मला तेवढेच दिसले.

मोठेबाबा धावत आले. "काऊन बंद पडलं रे?"

अर्धी जीभ वाघानं अडवली, उरलेली शरमेनं खोट्याकडे वळली. "आपोआप पडलं."

"आपोआप? हे?" म्हणत ते टाकी पाहायला वाकले.

आमच्याकडे जंगलाच्या कडेला कोणी वाकत नाही. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. आणि माझ्या खोट्यानं ते वाकले होते.

"मोठेबाबा, उभे व्हा. पाळीकडे पाहा."

ते सावकाश सरळ झाले. तोंडावर राख फासल्यासारखी दिसली.

"लिव्हर धर. मी हँडल मारतो. जवळून धडधडलं त हटन तो."

"मी वाकतो न."

"तुह्या हातानं एकदा तरी सुरू झालं का हे? नजर हटवू नको त्याच्यावरून."

हँडल गुडघ्याच्या उंचीवर. ते वाकले, पाठ वाघाकडे. चाकांनी वेग घेण्याआधीच माझ्या हातून लिव्हर सुटलं, हँडलनं उलटा झटका दिला. वाघाचे पुढचे दोन पाय पाळीवर आले. दुसऱ्यांदा नुसतं फुस्स. मला मोठेबाबांच्या बनियनमधला मणका न् मणका दिसत होता, आणि त्यालाही दिसत असणार.

तिसऱ्यांदा धड... धड... धडधड!

वाघ वळला आणि घाई नसल्यासारखा जंगलात गेला. आम्ही इंजिन तसंच सोडून उलट्या पावलांनी गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी दहा माणसं नेऊन मोठेबाबांनी ते बैलबंडीत घालून घरी आणलं आणि उघडलं. पिस्टन धुतला, नोझल धुतलं. दोष काही सापडेना.

"दोष सापडल्याबिगर त्या पाळीवर नाई जायचं," ते म्हणाले. "आपोआप बंद पडनाऱ्यापाशी मी आता वाकनार नाई."

मी रॉकेलचा डबा धरून उभा होतो. नोझल पुन्हा धुवायला तो पुढे केला. आठ दिवस ते शोधत राहिले, आणि तिकडे हिरवं धान उभ्या उभ्या वाळलं.