गिरणी सोडायची की नाही

लातूरला आमची डाळीची गिरणी आहे. सासरे गेल्यापासून आलेला माल पाहायचं काम माझ्याकडे होतं. तूर मुठीत घेतली की किती वाळली आहे, डाळ कशी पडेल, हे मला सांगता यायचं. हळूहळू खोकला लागला, मग दम.

डॉक्टरीणबाईंनी हातावर थेंब टाकून बारीक टोचून पाहिलं. तुरीच्या धुळीच्या थेंबाखाली मोठी गांध उठली. दम त्या धुळीच्या ॲलर्जीनंच लागत होता.

"या धुळीवर खात्रीचं इंजेक्शन नाही," त्या म्हणाल्या. "श्वासाचा पंप रोज ओढावा लागेल. गिरणी सोडलीत तर सगळ्यांत चांगलं. नसेल सोडायची, तर धूळ कमी कशी करायची ते बघू. पण धोका राहील. तुम्हाला काय वाटतं?"

माझे यजमान म्हणाले, "आम्हाला काय कळतंय मॅडम? तुम्ही म्हणाल तसं करू."

"मी त्यांना विचारतेय."

मला काहीच वाटत नव्हतं. तेच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मग सावकाश विचार करून या," म्हणाल्या.

मी नांदेडला माहेरी गेले. तिथं थोड्याच दिवसांत खोकला थांबला. आई म्हणाली, "बघ, इथं दम न्हाई लागून राहिला तुला. लई झालं, सोड ती गिरणी." मी हो म्हटलं, पण मनात होकार नव्हता आणि नकारही नव्हता. एकदा डब्यातली डाळ मुठीत घेऊन मी कितीतरी वेळ ओट्याशी उभी होते. आईनं हाक मारली तेव्हा कळलं.

परतल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "सोडायची नाही." त्यांना ते पटलं नव्हतं, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग दोघींनी मिळून ठरवलं. मास्क लावायचा, पंप चुकवायचा नाही, यंत्रांपासून लांब पुढच्या खोलीत बसायचं. दम वाढला तर पुन्हा बोलायचं.

तुरीचा हंगाम आला आणि दम वाढला. एका दुपारी ओठ निळे पडले. यजमानांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. श्वास जागेवर आल्यावर डॉक्टरीणबाई पलंगाशी येऊन बसल्या. "मी सांगितलं होतं" असं काही म्हणाल्या नाहीत. विचारलं, "आता काय करू या?"

"सोडते."

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. यजमान बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

आता माल धाकटे दीर पाहतात. पंप चालू आहे, जिना चढताना थांबावं लागत नाही. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणते, आणि ते खरंही आहे.