ओठ आधी, आवाज मागून

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर मी बाबांना नागपूरहून इकडे अमेरिकेत, अर्विंगला आणलं. हातपाय सुधारले, बोलणं मात्र अडलं. ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचा. पहिल्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर आत्या तिकडून ओरडली, "काहून गं, तुमचं नेट अटकतं काय?" आणि मी, अतिशहाणी, पटकन म्हणाले, "हो ना आत्या, इथलं नेट अगदीच बंडल आहे."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून गेले. त्यानंतर दोन महिने ते कॉलवर बसले नाहीत, घरातही कुणाशी बोलले नाहीत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, चहा हवा असला तर नुसता कप पुढे सरकवायचा. मला माझीच लाज वाटायची. त्यांच्यापाशी जाऊन तसं म्हणायला मात्र जीभ रेटत नव्हती.

माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला कुंग फूची टर उडवणाऱ्या सिनेमांचं भारी वेड. एका शनिवारी दुपारी तिने हॉलमध्ये तसलाच एक लावला. म्हातारे गुरुजी नुसत्या कालथ्याने बारा गुंडांना लोळवतात. एक गुंड लाथ खाऊन इतका वेळ हवेत राहतो की मधेच जांभई देतो! मी भडकले. "काय हा आचरटपणा! आजोबा बसलेत ना, काहीतरी बरं लाव."

तेवढ्यात खलनायक बोलू लागला. डबिंग मुद्दामच वाईट केलेलं. ओठ हलताहेत, हलताहेत, बंद झाले, आणि मग आवाज आला, "नो."

बाबा हसले. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. छातीवर बोट ठेवून म्हणाले, "मी... हाच."

"टोटली यू, आजोबा!" लेक म्हणाली.

मी तिला दटावायला वळले, पण बाबा आणखीच हसत सुटले. जे आम्ही दोन महिने झाकत होतो, त्यावर हा सिनेमा खुशाल हसत होता. तिथे गुरुजीसुद्धा तोंडावर आपटतात, धूळ झटकतात आणि पुन्हा पवित्रा घेतात. लाजायला वेळ आहे कुणाला?

मग रोज ती शाळेतून आली की खेळ सुरू. बाबा नुसते ओठ हलवायचे आणि ती खलनायकाच्या आवाजात वाट्टेल ते बोलायची. ते चिडायचे आणि उशिरा का होईना, स्वतःचं वाक्य स्वतः पुरं करायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि पोळ्या करपायच्या.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी ते आपणहून कॉलवर येऊन बसले. "दादा!" आत्या किंचाळली. बाबांचे ओठ हलले. आवाज नाही. "अगं, अजून नेट सुधरलं नाही काय तुमचं?"

मी तोंड उघडलंच होतं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं, थेट त्या गुरुजींसारखं.

"नेट... चांगलं आहे," ते म्हणाले. "मीच... हळू येतो. थांबशील... ना?"

आत्याने पदर डोळ्यांना लावला. "थांबते ना दादा. मला कुठे जायचंय?"