मरळीचा पहारा

मी अक्षरं शिकले ती चळवळीत असलेल्या बापाच्या पिशवीतल्या पत्रकांवर. त्यामुळे सिद्धेश्वरच्या जलाशयात पावसाळी मासेमारी बंद करायची सरकारी बोलणी सुरू झाली, तेव्हा एका दमात पत्रक लिहून छापूनही आणलं. ‘बंदी म्हणजे गरिबाच्या ताटावर लाथ!’ चार दिवसांनी मच्छीमारांच्या बैठकीत निर्णय होणार होता.

मधल्या दिवसांत कॉलेजातल्या, मरळ माशावर संशोधन करणाऱ्या बाईंनी मला नोंदी घ्यायला बोलावलं. माझ्या पत्रकांचा गठ्ठा शेजारी ठेवून आम्ही काठाच्या गवतात बसलो. तिथंच गळ टाकणारे एक काका आमची मजा बघत होते. म्हणाले, “बाई, तुमी मासे मोजून राहिल्या का मासे तुमाला?”

उथळ पाण्यात परातीएवढा तांबूस ढग हलत होता. ती शेकडो पिल्लं होती. त्यांच्याखाली हातभर लांब काळी मरळ. दर थोड्या वेळानं ती पिल्लांच्या मधोमध वर यायची, हवा घ्यायची आणि परत खाली पहाऱ्याला. प्रत्येक श्वासाला मी एक रेघ मारत होते. श्वास रोखून, खरं तर.

काकांनी गळाला बेडूक लावला आणि त्या ढगातून ओढला. मरळ त्यावर तुटून पडली आणि गळाला लागली.

“भूक न्हाई तिला. लेकरांसाठी राग येतो,” काका सहज म्हणाले आणि मासा ओल्या पोत्याखाली ठेवला. त्यांचा आठवड्याचा बाजार त्या पोत्याखाली होता.

एरवी ते लगेच निघायचे. त्या दिवशी बाईंनी चहा पुढे केला म्हणून थांबले. ढग विस्कटू लागला. खंड्यानं पिल्लांवर सूर मारला, खालून दुसरे मासे त्यांना गिळायला आले. बाई लिहीत राहिल्या. काकांचा चहा हातातच निवला.

“धरल्यावर मी हितं कधी थांबलोच न्हाई,” ते म्हणाले.

मरळ पाण्याबाहेरही तग धरते. त्यांनी पोतं उचललं आणि ती पाण्यात सोडली. ती दिसेनाशी झाली. आम्ही तिघं पाण्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं, उरलेल्या पिल्लांच्या बरोबर मधोमध, काळं तोंड वर आलं. रेघ मारायचं मी विसरले.

काका उठताना म्हणाले, “लिव तुझ्या पत्रकात. पिल्लं हायत तवर काठाला गळ न्हाई. पण सायबानं सांगितलं म्हून न्हाई, आमी ठरवलं म्हून. बैठकीत मीच बोलतो.”

छापलेल्या पत्रकांची मागची बाजू कोरी होती. तिथंच लिहायला बसले.