एक तास अठरा मिनिटांवरची खूण

विलासने मला फसवलं, आणि मी इक्बालवर आळ घेतला. पहिली गोष्ट मला सहा वर्षं माहीत नव्हती. दुसरी मी स्वतः केली, तीही चारचौघांत, ओरडून. या दोन्ही गोष्टी आता पक्क्या आहेत, त्यावर कोणी वाद घालायला येऊ नये. मला सांगायचंय ते हे की, हे मला कळलं कसं...

आधीच सांगतो, भूत, करणी, अंगात येणं असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझा धंदाच तसा. जुनी घरं उतरवायची, त्यांचे दरवाजे, खांब, तुळया विकत घ्यायच्या आणि कळंबच्या बाजूला बंगले, रिसॉर्ट बांधणाऱ्यांना विकायच्या. भिसेगावात माझं दुकान आहे. सुरुवात केली तेव्हा एक हातगाडी होती, दुकान नंतर आलं. "त्या घरात काहीतरी आहे म्हणतात" असं कानावर आलं की मी घाबरायचो नाही – भाव अजून खाली पाडायचो.

सात-आठ वर्षांपूर्वी काचबिंदूने माझी नजर जायला लागली. आधी कडेचं गेलं, मग मधलं. आज फक्त उजेड-अंधार कळतो. लाकूड बोटांनी ओळखता येतं, त्याला डोळे लागत नाहीत. पण समोरच्या माणसाचं तोंड दिसत नसेल तर घासाघीस कशी करायची? म्हणून मी एक छोटा रेकॉर्डर घेतला. सौद्याला बसलो की तो खांद्यावरच्या कापडी पिशवीत चालू ठेवायचा आणि घरी येऊन सगळं पुन्हा ऐकायचं. भाव सांगण्याआधी माणूस कसा श्वास घेतो, कुठल्या शब्दावर अडखळतो, ते ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच बोट ठेवायचं. यात चोरी आहे असं कोणाला वाटत असेल तर वाटो. डोळस माणसं समोरच्याचा चेहरा वाचतात, तेव्हा त्याची परवानगी घेतात का?

दोन वर्षांपूर्वी वैशाली मॅडम माझ्याकडे यायला लागल्या. त्या जन्मापासून अंध आहेत, आणि आम्हा लोकांना कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी माझी सगळी जुनी रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर चढवली आणि अंधांसाठी केलेला एक ऑडिओ प्लेअर टाकून दिला. फुकट! मी तिथेही विचारलं, "फुकट का? यात खोट काय?" त्या म्हणाल्या, "काका, जगात काही माणसं नुसती चांगली पण असतात."

या प्लेअरला माउस लागत नाही. स्पेसबार दाबला की थांबतो, बाणांनी मागेपुढे जातो. एक बटण दाबलं की कुठे आहोत ती वेळ बोलून सांगतो. आवाज न बिघडवता वेग कमी करतो – म्हणजे माणूस माणसासारखाच बोलतो, फक्त निवांत. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे खूण. हवं तिथे एक बटण दाबून खूण ठेवायची, दुसरं बटण दाबलं की पुढच्या खुणेवर थेट उडी. प्लेअर सांगतो, "खूण एक, इतकी मिनिटं." खुणा संपल्या की सांगतो, "पुढे खूण नाही." तो दिसतो कसा हे मला माहीत नाही. वैशाली मॅडम म्हणतात, त्यांनाही माहीत नाही. पण माझा गेलेला धंदा त्याने परत दिला, हे मी कोणासमोरही सांगेन.

आता इक्बाल. लोधिवलीचा. त्याचा टेंपो आणि माझी जीभ, अशी आमची बावीस वर्षं जोडी होती. मी सौदा करायचा, त्याने माल आणायचा. सहा वर्षांपूर्वी खालापूरकडच्या एका गावात एक मोठं घर उतरवायचं होतं. खबर आणली विलास दलालाने. त्या घराला नक्षीचा सागवानी दरवाजा होता, दोन कवाडांचा. तसा मी आयुष्यात दुसरा हाताळलेला नाही. सौदा झाला. घर उतरवून घ्यायचं काम विलासकडे होतं. महिन्याभराने इक्बालच्या टेंपोतून माल दुकानात उतरला आणि मी हात लावला... एक कवाड साग, दुसरं स्वस्तातलं ऐन! वर तशीच नक्षी कोरून, तेल चोपडून बसवलेलं. विलास माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शेठ, वाईट वाटतं सांगायला. इक्बालच बोलला मला, शेठला आता दिसत नाय, काय कळणार म्हणून."

मी तिथेच इक्बालवर तुटून पडलो. आंधळ्याला लुटतोस, हरामखोर आहेस, जे तोंडाला आलं ते. तो एकदाच म्हणाला, "शेठ, मी नाय केलं." मी ओरडलो, "पुन्हा तुझं तोंड बघायचं नाही मला!" आंधळा माणूस हे बोलतोय म्हणून बघ्यांतला कोणीतरी फिसकन हसला. त्या हसण्याचा रागही मी इक्बालवरच काढला. तो गेला. मग सहा वर्षं आमचं बोलणं नाही.

त्या सौद्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. दोन तासांचं. पहिली सेहेचाळीस मिनिटं घासाघीस, पुढे कोंबड्यांची कलकल सुरू झाली की मी बंद करायचो. सौदा ठरल्यावर मालकाचा मुलगा मला मागच्या गोठ्याच्या तुळया दाखवायला घेऊन गेला होता, आणि पिशवी ओटीवरच राहिली होती, रेकॉर्डर चालू. मी या रेकॉर्डिंगमध्ये दोन खुणा ठेवल्या होत्या. दोन्ही पहिल्या पाऊण तासातल्या, इक्बाल बोलता बोलता गप्प होतो त्या जागा. मला त्या गप्प होण्यात चोर सापडायचा. राग थंड व्हायला लागला की मी त्या खुणा ऐकायचो. दोन वर्षांत किती वेळा ऐकल्या असतील, देव जाणे. आणि दर वेळी दुसऱ्या खुणेनंतर प्लेअर सांगायचा, "पुढे खूण नाही."

हे नीट लक्षात ठेवा.

यंदा एका बुधवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, दारात पावलं वाजली.

"शेठ, मी इक्बाल."

"आवाज ओळखतो मी. काय काम?"

"काम नाय. हजला चाललोय. उद्या सकाळी निघायचं हाय. बोललं-चाललं माफ करा."

हजला जाण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन माफी मागायची त्यांच्यात रीत आहे. मन साफ करून निघायचं. मला ते माहीत होतं, तरी मी म्हणालो, "कशाबद्दल?"

"जे काय असंल त्याबद्दल."

"तसं नाही चालायचं. काय केलंस ते नाव घेऊन सांग, मग बघू."

"केलंच नाय तर काय सांगू, शेठ?"

"मग माफी कसली मागतोस? जा."

तो हळू आवाजात म्हणाला, "वैनी, येतो." पावलं गेली.

माझी बायको सुनंदा भांडी तशीच टाकून बाहेर आली. "एवढा माणूस हात जोडून दारात उभा, आणि तुम्ही त्याच्याशी भाव करत बसलात? साठीला आलाय तो. तिकडून सुखरूप परत येईल का, कोणी सांगितलंय?"

"तुला काय माहीत तो कसा आहे! थांब, ऐकवतोच तुला."

मी कॉम्प्युटर लावला. एरवी माझ्या कॉम्प्युटरचा आवाज इतका जलद असतो की सुनंदाला वाटतं मांजरं भांडताहेत. तिला समजावं म्हणून मी तो मुद्दाम सावकाश केला. पहिली खूण ऐकवली. दुसरी ऐकवली.

"ऐकलंस? कसा गप्प झाला?"

"बिडी पेटवली असेल," ती म्हणाली. "काडी ओढल्याचा आवाज आला की."

मी चिडून तेच बटण पुन्हा दाबलं, कशासाठी ते आता आठवत नाही. आणि प्लेअर म्हणाला, "खूण तीन. एक तास अठरा मिनिटं."

माझा हात तिथेच थांबला. मी तिसरी खूण ठेवलीच नव्हती... तेवढ्यात विलासचा आवाज सुरू झाला.

"इक्बाल, शेठला आता दिसत नाय रं. एक कवाड बदलून टाकू. माणूस हाय माझ्याकडं नक्षीवाला."

"त्यांची बोटं बघतात," इक्बाल म्हणाला. "त्यांना कळंल."

"नाय कळायचं."

"नाय कळलं तरी मला कळंल ना. तू गप बस."

"बघ हां. उद्या काय झालं तर मी तुझंच नाव सांगीन."

इक्बाल हसला. अगदी मोकळा, बावीस वर्षं ऐकलेलं ते हसणं. "सांग की! शेठ माझ्यावर विश्वास ठेवतील का तुझ्यावर?"

पुढे कोंबड्या.

सुनंदाने माझी चप्पल आणून पायाशी ठेवली आणि रिक्षा बोलवायला गेली.

चौकच्या रस्त्याने लोधिवलीला पोचेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून शब्द काढून घेतले मी, माझे स्वतःचे निघत नव्हते. इक्बालचं अंगण पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी आत पाऊल टाकलं तशी कुजबुज थांबली.

"इक्बाल, माझं चुकलं. माफ कर."

समोरून त्याचा आवाज आला, "काय चुकलं ते नाव घेऊन सांगा, शेठ. मग बघू."

कोणीतरी हसलं. या वेळी मला राग आला नाही. मी सगळं सांगितलं, एकेक करून, त्याच्या सुनांसमोर, पाहुण्यांसमोर. शिव्या दिल्या त्याही जशाच्या तशा सांगितल्या. संपल्यावर तो म्हणाला, "एक ऱ्हायलं. तोंड बघायचं नाय, म्हणाला होतात."

"ते आता कसं बघणार रं मी?"

त्याने माझा हात धरला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. दाढी वाढवलेली. गालफडं बसलेली, सहा वर्षांपूर्वी तशी नव्हती. आणि सगळं ओलं. मी आजवर हजारो दरवाज्यांवरून हात फिरवला असेल, पण तो हात मला उचलता येईना. "माफ केलं, शेठ," तो म्हणाला. "आता मला पण करा. जे काय असंल त्याबद्दल." मी केलं. कशाबद्दल ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, तो निघून गेल्यावर, मी वैशाली मॅडमना बोलावलं. त्यांनी रेकॉर्डिंग उघडलं. खूण एक. खूण दोन. "पुढे खूण नाही."

सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "तीन म्हणाला होता! मी कानांनी ऐकलंय!"

मॅडमनी प्लेअर आपल्या खुणा जिथे लिहून ठेवतो ती फाइलही वाचून काढली. दोनच खुणा. चुकून खूण पडली असेल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पडू शकते, पण मग प्लेअर त्या जागेवर असायला हवा. मी एक तास अठरा मिनिटांवर आधी कधी गेलोच नव्हतो. चुकून पुसली गेली असेल का? पुसताना तो मोठ्याने विचारतो, "ही खूण काढायची?" – आणि हो म्हटल्याशिवाय काढत नाही. तसं कोणी विचारलं नाही, कोणी हो म्हटलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, मला नाही सांगता येत."

मला एका गोष्टीचं जास्त नवल वाटतं. खूण ठेवताना माझं बोट नेहमी उशिरा पडतं. शब्द ऐकू आल्यावरच बटण दाबणार ना माणूस! म्हणून माझ्या सगळ्या खुणा दोन-तीन सेकंद पुढे पडतात. ही खूण विलास तोंड उघडायच्या बरोबर आधी होती. ज्याने ती ठेवली, त्याला तो काय बोलणार आहे हे आधीच माहीत होतं.

विलासला मी ते बोलणं फोनवर ऐकवलं. त्याने फोन कापला. माझी अट एकच: त्याने दुकानात यावं, जिथे मी इक्बालला शिव्या घातल्या तिथेच उभं राहावं, आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगावं. तो येईपर्यंत मी हे रेकॉर्डिंग पुसणार नाही.

इक्बाल सुखरूप परत आला. खजूर आणि झमझमचं पाणी घेऊन आधी माझ्याकडे आला, मग घरी गेला. त्याचा टेंपो पुन्हा माझ्या दुकानासमोर लागतो. माझ्याइतकं गमावलेलं परत मिळालेला माणूस तालुक्यात दुसरा नसेल. खूण ठेवणारा जो कोणी असेल, त्याच्यासमोर मी हात जोडतो, डोकं टेकवतो, त्याचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत...

पण मी सौद्याचा माणूस आहे, विचारल्याशिवाय राहणार नाही. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? मग सहा वर्षं कुठे होतास? त्या माणसाने सहा वर्षं मान खाली घालून काढली. बोल, त्याचा जबाब कोण देणार?