पत्रकाची मागची बाजू

छापखान्यातून आलेला पत्रकांचा गठ्ठा सोडला, ओल्या शाईचा वास आला आणि मला चंद्रपूरच्या आमच्या अंगणात खोकणारे बाबा दिसले.

कोळशाच्या धुळीनं त्यांचा दम गेला होता. मोर्च्यात घोषणा देणारा हा माणूस आता खुर्चीत बसून पक्षी पाहायचा आणि माझ्या उरलेल्या पत्रकांच्या मागे ते रंगवायचा. त्या सकाळी तारेवर नीलकंठ बसला होता, मातकट, मान आखडून. बाबांनी ब्रश उचलला आणि खोकल्याची उबळ आली. पक्षी उडाला.

"एवढंही सुख देत नाई ही धूळ!" मी संतापले. "आजच पत्रक लिहिते."

बाबा मात्र धापा टाकत हसत होते. "अवं पोरी, उडाला म्हणून तर पंख दिसले! केवढा निळा! बसून राह्यला असता तर मी मातीच रंगवली असती."

"दम घ्या आधी, चित्रकार!" आतून आई ओरडली.

"तू लिही," बाबा मला म्हणाले, "पण मागची बाजू कोरी ठेवजो. मले पंख काढाचे हायेत."

तेव्हा वाटलं, बाबा लढणं विसरले. आता वाटतं, लढायचं ते त्या निळ्यासाठीच.

बाबा गेले. धुळीविरुद्धची पत्रकं मी अजूनही एकाच बाजूनं छापते.