पेटीतला मुका पंचम

"सा रे ग म... टक्!"

वासुदेव गुरुजींची पेटी अशी वाजायची. पंचमाची सूरपत्ती तुटलेली. पट्टी दाबली की नुसतं लाकूड वाजायचं. तो स्वर आम्ही पोरांनी तोंडाने भरायचा. आलापल्लीकडच्या आमच्या सरकारी शाळांना मिळालेले ते पहिले संगीतशिक्षक. सायकलला पेटी बांधून सागाच्या जंगलातून शाळा-शाळा फिरायचे. हेडमास्तर म्हणायचे, "गुरुजी, करून टाका ना दुरुस्त एकदाची!" गुरुजी हसायचे. "पेटीच सारं गाऊन टाकीन, त पोट्टे काऊन गातीन?"

मी पहिलीत गेले तेव्हा घरी गोंडी, शाळेत मराठी. माझं तोंडच उघडेना. "पोरगी मुकी आहे, घरी न्या," असं बाबांना सांगून झालं होतं. बाबा न्यायला आले त्या दिवशी गुरुजींनी मला पेटीजवळ बसवलं. "मराठी राहू दे माय. 'प'ले भाषा नाई लागत. पेटीले जमत नाई, तू दे." सा रे ग म, टक्. गुरुजी भाता हलवत माझ्याकडे बघत राहिले. आणि माझ्या तोंडून सूर असा सुटला की मीच दचकले! बाबा दारातूनच एकटे परतले.

आता मी त्याच शाळेत शिकवते. गुरुजी वारले, त्यांच्या जागी संगीताचा मास्तर कुणी आलाच नाही. पण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात गाताना कुणी पंचमावर जरा जास्तच जोर दिला, की मी लगेच ओळखते. हा गुरुजींनीच शिकवलेला पोरगा! आणि कानात टक् वाजतं.

गुरुजींची पेटी त्यांच्या मुलाने शाळेला दिली. मोठ्या हौसेने मी ती गोंडपिपरीच्या रशीदभाईंकडून दुरुस्त करून आणली. प्रार्थनेला पंचम लख्ख वाजला, आणि पोरं नुसती ओठ हलवत उभी राहिली. गुरुजी दुसऱ्यांदा गेले असं वाटलं मला. पेटी उचलली, पुन्हा गोंडपिपरी गाठली.

"रशीदभाई, हा एक सूर बंद करून द्या."

"काय बाई! लोक वाजत नाई म्हणून आणतेत, तुमी वाजते म्हणून आणून राह्यल्या?"

पण दिला करून.

यंदा पहिलीत एक पोरगी आलीय. घरी गोंडी, शाळेत अवाक्षर नाही. तिचे बाबा काल नाव काढायलाच आले होते. मी तिला पेटीजवळ बसवलं, भाता हलवला. सा रे ग म...

खरं सांगते, माझं बोट अजून पंचमाच्या पट्टीवर पडलंही नव्हतं. टक् वाजलं.

आणि पोरीने सूर दिला.