विहिरीतलं लाल औषध

“असलं तांबडं पानी मेंढरं पित्यात व्हय?” विहिरीच्या काठावरची धनगर बाई शेजारणीला म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या. मी छकड्यात बसून ऐकत होते.

माझे वडील लोकल बोर्डाचे डॉक्टर. कवठे महांकाळच्या बाजूला एका वस्तीवर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती, म्हणून ते विहिरीत लाल औषध टाकायला आले होते. मे महिन्यात पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून मी घरी आले की ते मला अशा फिरतीवर बरोबर न्यायचे. बादलीत जांभळे खडे विरघळवायचे, मग बादली दोराने विहिरीत सोडून पाणी घुसळायचे. त्यांच्या बोटांवरचे तपकिरी डाग दोन दोन दिवस जात नसत. त्याच बोटांनी ते मला भाकरी मोडून देत. महायुद्धाचे दिवस होते आणि साखर मिळत नव्हती. आम्ही गुळाचा चहा प्यायचो. आता त्यांची फिरती संपली आहे. मला मात्र त्या छकड्याचं हेलकावणं अजून अंगात जाणवतं.

सकाळपर्यंत विहिरीचं पाणी काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं. त्यावर त्या बाईने विचारलं, “आवं डाक्टर, लोकर तांबडी झाली तर तुमी घेताय का?” तिची घोंगडी मीच पांघरीन, असं वडील हसून म्हणाले. ते काही तिला पटलं नाही. थोड्या वेळाने कडेवरचं पोर सावरत ती ओढ्याकडे गेली. वाळूत झिरा काढायचा, म्हणजे हातभर खड्डा करून त्यात पाणी झिरपू द्यायचं, ही तिकडची रीत. वाळूतून आलेलं पाणी स्वच्छच, अशी सगळ्यांची खात्री.

ते बोलणं संपताच मी छकड्यातून उतरून ओढ्याकाठी करंजाखाली पुस्तक घेऊन बसले होते. बायकांपुढे माझं मराठी अडखळे, म्हणून मी दूरच राहत असे. धनगर बाई तिथे येण्याच्या थोडं आधी, वरच्या वळणावर वस्तीतलीच एक बाई ओढ्याच्या बारीक धारेत गोधडी धूत होती. त्या दिवशी सकाळीच तिच्या नवऱ्याला पटकीने नेलं होतं. आजाऱ्याचं अंथरूण जाळायचं, असा खात्याचा हुकूम होता. पण तिच्या घरात पांघरायला ती एकच गोधडी होती. मला पाहून तिने हात जोडले. मी मान हलवली, म्हणजे कुणाला सांगणार नाही. पिळलेली गोधडी पदराखाली घेऊन ती निघून गेली.

आणि आता त्याच जागेच्या खाली पन्नास पावलांवर धनगर बाई झिरा उकरत होती. पाणी चढलं तसं तिने पहिली गढूळ ओंजळ उपसून टाकली, दुसरी टाकली. तिसऱ्यांदा पाणी नितळ आलं. तिने लोटकं भरलं आणि पोराला मांडीवर घेतलं.

मी मान हलवून कबूल केलं होतं. सांगितलं तर ती गोधडी जाळली जाईल, हेही मला ठाऊक होतं. पुस्तक वाळूत टाकून मी धावले. तिच्याजवळ पोचेपर्यंत लोटकं पोराच्या ओठांना लागत होतं. मी ते हातानेच खाली दाबलं. ती चिडून माझ्याकडे बघत राहिली.

“आक्का, पोराला हे पाणी पाजू नका,” मी म्हणाले. “वर पटकीची गोधडी धुतली आहे, तेच पाणी इथे झिरपतंय. मी पाहिलं, आणि गप्प बसले होते.”